एक गोल झाल्यावर मागे सरकू नका : भारतीय फुटबॉल संघाला खुले पत्र

प्रति,
भारतीय पुरुष फुटबॉल संघाचे सर्व खेळाडू, मुख्य प्रशिक्षक खालिद जमील आणि त्यांचे सहकारी

सप्रेम नमस्कार.

जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर तुम्ही चायनीज तैपेईला ५-० असं हरवलंत आणि तो सामना बघायला २,५६९ माणसं होती. त्यानंतर तेव्हाचा कर्णधार असलेल्या सुनील छेत्रीने एक व्हिडिओ टाकून लोकांना विनंती केली, की वाटेल ती टीका करा, पण मैदानात येऊन आम्हाला बघा. पुढचा केनियाविरुद्धचा सामना छेत्रीचा शंभरावा होता आणि त्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. त्या हाकेला ओ देणारे आजही शक्य असेल तिथे येतात. हे पत्र उरलेल्यांकडून आहे. सामना दोह्याला असो, ताजिकिस्तानातल्या हिसोरला, ढाक्याला किंवा शिलाँगला, आम्हाला तो घरूनच बघावा लागतो. आम्ही ओरडलो तरी ते तुमच्या कानावर पडत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते. एका गोलची आघाडी मिळाल्यावर मागे सरकू नका.

हरण्याबद्दल तक्रार करायला मी बसलेली नाही. हरणं आम्ही बघितलं आहे आणि बघत राहू. जुलै २०२३ मध्ये संघ जागतिक क्रमवारीत ९९ वा होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये १४२ वा झाला. २०२४ या अख्ख्या वर्षात तुम्ही ११ सामने खेळलात आणि एकही जिंकला नाही. तरी आमच्या घरात एकही सामना चुकला नाही. तेव्हा जे लिहिते ते रागावून पाठ फिरवलेल्या माणसाचं आहे असं समजू नका.

तीन सामने आठवा. २६ मार्च २०२४, गुवाहाटी, अफगाणिस्तान. छेत्रीचा दीडशेवा सामना, पूर्वार्धात त्याचाच पेनल्टीवर गोल, १-०. मग ७० व्या मिनिटाला बरोबरी, ८८ व्या मिनिटाला पेनल्टी, आणि १-२. त्याच वर्षी ११ जून, दोहा, कतार. छेत्री निवृत्त झाल्यानंतरचा पहिलाच सामना. आपला आघाडीचा खेळाडू छांगते याने पूर्वार्धात गोल केला. जिंकलो असतो तर विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत गेलो असतो. ७३ व्या मिनिटाला बरोबरी, ८५ व्या मिनिटाला दुसरा गोल, १-२. आणि १४ ऑक्टोबर २०२५, मडगाव, सिंगापूर. १४ व्या मिनिटाला छांगतेने बॉक्सच्या (गोलपुढच्या पेनल्टी क्षेत्राच्या) बाहेरून मारलेला तो फटका मी आजही परत परत लावून बघते. आघाडी अर्धा तास टिकली. ४४ व्या मिनिटाला सोंग उइ-यंगने बरोबरी साधली, ५८ व्या मिनिटाला त्यानेच दुसरा केला. पुन्हा १-२, आणि सौदी अरेबियात होणाऱ्या २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद.

तीन वेगळी मैदानं, तीन वेगळे प्रशिक्षक नसले तरी दोन नक्की, संघातले बरेच चेहरे बदललेले. निकाल मात्र आकड्यासकट तोच.

दोह्याच्या पहिल्या गोलबद्दल माझं मत पक्कं आहे आणि ते बदलणार नाही. आपला गोलरक्षक गुरप्रीतने हेडर अडवला, चेंडू रेषेबाहेर गेला, तुम्ही सगळे थांबलात, आणि बाहेर गेलेला चेंडू ओढून आत आणून गोल झाला. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून पंचांचा निर्णय तपासायची सोय, नव्हतं, गोल दिला गेला. तो अन्याय होता. त्या रात्री तुमच्यापैकी कोणी झोपलं असेल असं वाटत नाही. पण त्यानंतरही सतरा मिनिटं आणि वर भरपाई वेळ शिल्लक होती. आम्ही घरी चिडलो होतो तसे तुम्हीही मैदानात चिडला असाल, पण चेंडू पुन्हा पायात आला तेव्हा तो पुढे घेऊन जाणारं कोणी दिसलं नाही. माझी खंत त्या सतरा मिनिटांची आहे.

तुम्हाला मैदानातून जे दिसत नाही ते आम्हाला घरून दिसतं. टीव्हीचा मुख्य कॅमेरा मध्यरेषेवर उंचावर असतो आणि चेंडूबरोबर डावी-उजवीकडे वळतो. सामना बरोबरीने चालला असेल तर मैदानाचं मधलं वर्तुळ सारखं पडद्यावर येतं-जातं. तुम्ही आघाडी घेता आणि साधारण साठाव्या मिनिटापासून ते वर्तुळ दिसेनासं होतं. पडद्यावर फक्त आपला बॉक्स, आपला गुरप्रीत, आणि बॉक्सच्या तोंडाशी तुमच्या दोन रांगा. आमच्या बाबांना हे कोणी शिकवलेलं नाही, पण त्यांच्या तोंडून ठरलेलं वाक्य येतं, "गेलं बघ वर्तुळ." ते एवढंच बोलतात आणि खुर्चीत पुढे सरकून बसतात.

मग एक क्रम सुरू होतो. बचावपटू चेंडू लांब भिरकावतो. कॅमेरा त्याच्यामागे धावतो, अर्ध्या सेकंदासाठी वर्तुळ दिसतं, तिथे आपला एकटा स्ट्रायकर त्यांच्या दोन सेंटर-बॅकच्या मधे उडी मारताना दिसतो. चेंडू त्यांच्या डोक्याला लागतो, खाली पडलेला चेंडूही त्यांच्याच मिडफिल्डरला मिळतो, कारण आपला जवळचा माणूस तीस मीटर मागे असतो. कॅमेरा परत वळतो. दहा-बारा सेकंदांत पुन्हा तेच. असं आठ-दहा वेळा झालं की कुठल्या तरी एका वेळेला कोणाचा तरी पाय उशिरा पडतो आणि फ्रीकिक, कॉर्नर किंवा पेनल्टी जाते. आम्ही याला नशीब म्हणत नाही. चेंडू इतक्या वेळा बॉक्समध्ये येऊ दिला तर एकदा तो आत जाणारच.

मोबाइलवर बघणाऱ्यांचे हाल आणखी वेगळे. प्रक्षेपण प्रत्यक्ष खेळाच्या अर्धा-पाऊण मिनिट मागे चालतं. पडद्यावर त्यांचा विंगर (मैदानाच्या कडेने हल्ला करणारा) अजून कॉर्नरच्या झेंड्याजवळ चेंडू थांबवत असतो आणि फोन थरथरतो. सूचना उघडावी लागत नाही. आपण आघाडीवर असताना शेवटच्या दहा मिनिटांत फोन थरथरला, तर बातमी आपल्या गोलची नाही हे ठाऊक असतं. मग पुढची चाळीस सेकंद तुम्ही जीव तोडून चेंडूसमोर आडवे पडताना दिसता, आणि शेवट काय होणार हे आम्हाला आधीच कळलेलं असतं. त्या चाळीस सेकंदांत तुमच्याबद्दल जेवढी माया वाटते तेवढी एरवी कधी वाटत नाही. म्हणून तर कळवळून लिहिते आहे.

आता दुसरी बाजू, आणि खरं तर ह्या पत्राचा सगळा भार तिच्यावर आहे. मागे पडल्यावर तुम्ही वेगळेच खेळता.

हैदराबादला नोव्हेंबर २०२४ मध्ये मलेशियाने आधी गोल केला, राहुल भेकेने हेडरवर बरोबरी साधली. त्याच्या महिनाभर आधी व्हिएतनाममध्ये एका गोलने मागे होतात, फारुख चौधरीने फेडला. सप्टेंबर २०२५ मध्ये हिसोरला, मध्य आशियाई संघटनेच्या सीएएफए नेशन्स कपमध्ये, ओमानविरुद्ध तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत मागे पडलात, ८० व्या मिनिटाला उदांताने बरोबरी केली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये तुम्ही जिंकलात. ओमान आपल्यापेक्षा कितीतरी वरचा संघ. आणि सगळ्यात मोठं उदाहरण मडगावच्या आधी पाचच दिवसांचं आहे. ९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये मध्यंतरालाच एका गोलने मागे, उत्तरार्ध सुरू होताच संदेश झिंगनला लाल कार्ड, दहा जण उरलेले. ९० व्या मिनिटाला त्यांच्या बचावातली चूक हेरून रहीम अलीने गोल केला. दहा जणांनी! चूक हेरायला तिथे माणूस लागतो. त्या मिनिटाला रहीम त्यांच्या बॉक्सजवळ होता म्हणून ती चूक आपल्या कामी आली. तो आपल्या बॉक्ससमोर उभा असता तर तीच चूक कोणाच्या लक्षातही आली नसती.

म्हणजे दहा जण असताना, गोलने मागे असताना, परक्या मैदानावर तुम्हाला पुढे जाता येतं. मग अकरा जण असताना, गोलने पुढे असताना, मडगावच्या फातोर्डा मैदानावर आपल्याच लोकांपुढे का येऊ नये? पायात ताकद असते, पासही जमतात, हे तुम्हीच दाखवून दिलं आहे. गमावण्यासारखं काही नसताना जे पाय मोकळे चालतात ते गमावण्यासारखं काही हाती आलं की बांधले जातात. हातातोंडाशी आलेला घास जाईल या भीतीने तो घट्ट धरला जातो आणि तसाच निसटतो.

याला अपवाद आहेत आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. खालिदसर, तुमच्या कारकिर्दीतला पहिलाच सामना, ताजिकिस्तानमध्ये ताजिकिस्तानविरुद्ध. अन्वर अली आणि झिंगन यांनी पहिल्या १५ मिनिटांत दोन गोल केले, ताजिकिस्तानने एक फेडला, आणि मग उरलेला सगळा सामना तुम्ही मागे राहून काढलात. गुरप्रीतने पेनल्टी अडवली आणि २-१ जिंकलो. त्या रात्री आमच्या घरात दिवाळी होती. मागे राहूनही जिंकता येतं याचा तो पुरावा आहे हे कबूल. पण एक पेनल्टी अडवली गेली नसती तर हाही सामना वरच्या यादीत जाऊन बसला असता. गुरप्रीतच्या हातांवर किती वर्षं असं विसंबायचं?

आणि कतारविरुद्धचा २०१९ चा ०-० आहेच. आशियाचे विजेते, त्यांचंच दोहा, छेत्री आजारी, गुरप्रीत कर्णधार. तो सामना घरून बघितलेल्या प्रत्येकाला कोण कुठे बसलं होतं हेसुद्धा आठवत असेल. तिथे बचाव करणं हाच शहाणपणा होता. जानेवारी २०२४ मध्ये आशियाई चषकात ऑस्ट्रेलियाला मध्यंतरापर्यंत ०-० वर रोखलंत, तेही मला पटलं होतं. पुढे ०-२ हरलो तरी वाईट वाटलं नाही. समोरचा संघ दोन पायऱ्या वरचा असेल तर दार लावून बसावं लागतं. माझं म्हणणं अफगाणिस्तान, सिंगापूर, हाँगकाँग, बांगलादेश यांच्याबद्दल आहे. ह्या संघांना आपण घाबरायचं आणि त्यांनी ते ओळखायचं, हे आता नेहमीचं झालं आहे. हाँगकाँगमध्ये जून २०२५ ला सामना ०-० संपणार असं धरून चाललो होतो, भरपाई वेळेत पेनल्टी गेली आणि ०-१. २०१९ च्या आशियाई चषकात बहरीनविरुद्धही अगदी असंच झालं होतं. बरोबरी पुरली असती, बाद फेरी समोर दिसत होती, आणि भरपाई वेळेत पेनल्टी. बरोबरी जपायला बसलो की तीही जाते, आघाडीचं तर सोडाच.

गोलच्या दुष्काळाचं चित्र मांडायला एक बेरीज पुरेशी आहे. २०२६ विश्वचषक पात्रतेचे सहा सामने, २०२३ च्या आशियाई चषकाचे तीन, २०२७ च्या पात्रतेचे, ढाक्यातल्या बांगलादेशविरुद्धच्या सामन्यापर्यंतचे, पाच. एकूण १४ सामने, ५ गोल. १४ सामन्यांत पाचच गोल करणाऱ्या संघाला एका गोलवर सामना काढण्याची सवय लागते हे मी समजू शकते. दुसरा गोल होईल यावर तुमचाच विश्वास उरत नाही. म्हणून मिळालेला एक तिजोरीत ठेवल्यासारखा जपला जातो.

यात तुमचा दोष किती आणि व्यवस्थेचा किती, हेही आम्हाला कळतं. आपल्या क्लबमध्ये नऊ नंबरची, म्हणजे मुख्य स्ट्रायकरची, जागा बहुतेक वेळा परदेशी खेळाडूकडे जाते. वर्षभर जो विंगवर किंवा बाकावर असतो त्याला देशासाठी मात्र मधोमध उभं राहून गोल करायला सांगितलं जातं. २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये भारतीयांत सर्वाधिक गोल करणारा छेत्री होता, आणि त्याच मोसमात वयाच्या चाळिशीत त्याला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं. त्याने शिलाँगला मालदीवविरुद्ध गोलही केला. त्याच्याबद्दल अभिमान वाटतो आणि त्याच वेळी पोटात खड्डा पडतो, की त्याच्यामागे कोण? २०२५ च्या जुलैत तर लीगचा पुढचा मोसमच थांबवला गेला. इतर देशांचे खेळाडू दर आठवड्याला सामने खेळून येत होते आणि तुम्ही शिबिरातल्या सरावावर पात्रतेचे सामने खेळत होतात. ७० व्या मिनिटाला पाय जड होणार नाहीत तर काय होईल? नोव्हेंबरमध्ये तुम्ही सगळ्यांनी मिळून, आम्हाला खेळायचं आहे, खेळू द्या, असं निवेदन काढलंत. राष्ट्रीय संघाच्या खेळाडूंवर अशी वेळ यावी हे आम्हाला घरात बसूनही लागलं. ज्यांच्या हातात निर्णय होते त्यांना वेगळं पत्र लिहायला हवं आणि ते कोणी तरी लिहावं. आज मी तुमच्याशी बोलते आहे, कारण मैदानावरची वीस मिनिटं तुमच्या हातात आहेत.

दमलेल्या पायांनी मागे धावणं सोपं असतं असा एक समज आहे. आम्ही इतकी वर्षं बघून सांगतो, चेंडूमागे धावणारा जास्त दमतो. चेंडू आपल्याकडे ठेवला, फुल-बॅकने (कडेच्या बचावपटूने) मधल्याला आधार दिला, मधल्याने विंगरला, तर श्वास घ्यायला सवड मिळते आणि धावतात ते समोरचे. सगळेच्या सगळे मागे येण्याऐवजी दोघांनी मध्यरेषेजवळ थांबावं. त्या दोघांवर लक्ष ठेवायला समोरच्याला तीन माणसं मागे ठेवावी लागतात, म्हणजे बॉक्सवर चालून येणारे आपोआप कमी होतात. छांगतेसारखा वेगवान माणूस मध्यरेषेवर मोकळा उभा आहे हे बघून कुठलाही फुल-बॅक बेफिकीर पुढे येणार नाही. हे तुम्हाला मी शिकवावं असं यात काही नाही, तुम्ही पोटासाठी हा खेळ खेळता. पण तुम्ही ते करताना दिसत नाही, म्हणून बोलावं लागतं.

खालिदसर, दोन शब्द खास तुमच्यासाठी. आमचे बाबा कूपरेजवर रोव्हर्स कप बघत मोठे झाले. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाचे तुम्ही खेळाडू, नंतर मुंबई एफसीचे प्रशिक्षक, त्यामुळे तुमची नेमणूक झाल्यावर त्यांनी घरचंच कोणी नोकरीला लागल्यासारखे फोन केले. सव्हिओ मदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक झाला. २०१६-१७ मध्ये आयझॉल क्लबला आय-लीग जिंकून दिलीत तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तुमचे संघ शिस्तीने बचाव करतात, वेगाने उलट हल्ला करतात, हे सगळ्यांना माहीत आहे. उलट हल्ल्यासाठी मात्र पुढे माणूस शिल्लक ठेवावा लागतो. आघाडीवर असताना तुम्ही ६५ व्या-७० व्या मिनिटाला बदली खेळाडूचा फलक वर करता, तेव्हा कोणाचा नंबर लाल दिव्यात दिसतो त्यावरून आम्हाला घरी पुढचा सामना कळतो. विंगर बाहेर आणि बचावपटू आत असं दिसलं की पोटात गोळा येतो. त्याच क्षणी मैदानातल्या अकरा जणांनाही निरोप पोचतो आणि समोरच्यांनाही. ताज्या दमाचा विंगर आत आला तर तोच निरोप उलटा जाईल.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तेव्हाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम साहेबांनी काय केलं ते तुम्हाला माहीतच आहे. जर्नेल सिंग हा सेंटर-हाफ, बचावाचा कणा, डोक्याला जबर मार लागलेला. रहीम साहेबांनी त्याला पुढे सेंटर-फॉरवर्डला पाठवलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध, सगळं स्टेडियम आपल्या विरोधात ओरडत असताना, एक गोल पी. के. बॅनर्जींनी केला आणि दुसरा त्या टाके घातलेल्या डोक्याच्या जर्नेलने. २-१, सुवर्णपदक. तो काळ वेगळा, आशियाई फुटबॉल वेगळा, हे मला कळतं, आणि जुन्या पदकांचं ओझं तुमच्या खांद्यावर टाकायची इच्छाही नाही. पण अडचणीत सापडलेल्या भारतीय प्रशिक्षकाने बचावपटू पुढे धाडला होता, ही गोष्ट आपल्याच घरातली आहे.

आणि इतकं मागे तरी कशाला जायला हवं. ५ जुलै २०२५ ला चियांग माईमध्ये आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात हरवलं. आधी संगीता बासफोरचा गोल, मध्यंतरानंतर लगेच थायलंडची बरोबरी. १-१ झाल्यावर आपल्या मुली मागे जाऊन बसल्या नाहीत. ७४ व्या मिनिटाला संगीताने दुसरा गोल केला, आणि भारतीय महिला संघ पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशियाई चषकात गेला. तो सामना तुम्ही बघितला असेलच. नसेल तर एकत्र बसून बघा, विशेषतः ५० ते ७५ ही मिनिटं.

आता आमच्या बाजूचं. तुम्ही सुरक्षित खेळता यात आमच्यासारख्या घरून बघणाऱ्यांचाही हात आहे. पुढे पास देताना ज्याचा चेंडू जातो त्याच्या नावाने त्याच मिनिटाला फोनवरून शिव्यांचा पाऊस सुरू होतो. त्याच्या आई-बापांपर्यंत पोचेल असं लिहिलं जातं. जो चेंडू आंधळेपणाने बाहेर भिरकावतो त्याला कोणी काही बोलत नाही, आणि त्या भिरकावण्यातून दोन मिनिटांनी गोल होतो तेव्हा त्याचं नावही निघत नाही. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा हे वाचत असेल तर तो पुढच्या वेळी काय करेल? चेंडू भिरकावेल. म्हणून घरून बघणाऱ्या सगळ्यांनाही याच पत्रातून सांगते, पुढे खेळताना चेंडू गमावणाऱ्या पोराला एकही वाईट शब्द लिहू नका. मी ज्या मंडळींबरोबर सामन्याच्या गप्पा मारते तिथे आम्ही हे ठरवून पाळतो. पास चुकला तर कोणता पास द्यायला हवा होता यावर तासभर वाद घालतो, पण तो देणाऱ्याच्या लायकीवर बोलत नाही. पुढे जाताना हरलात तर आमच्याकडून तुम्हाला ऐकून घ्यावं लागणार नाही.

ढाक्याचा सामना आम्ही बघितला. आशियाई चषकाची आशा आधीच संपली होती, त्या सामन्यातून काहीच मिळणार नव्हतं. ११ व्या मिनिटाला गोल खाल्लात आणि बांगलादेशने २००३ नंतर पहिल्यांदा भारताला हरवलं. दुसऱ्या दिवशी लोकांनी विचारलं, काही पणाला नसलेला सामना कशाला बघायचा? माझ्याकडे एक साधं कारण होतं. त्या जर्सीत कोण नवा मुलगा उतरतो, तो चेंडू मिळाल्यावर आधी पुढे बघतो की मागे, हे मला बघायचं होतं. एखाद-दोघे पुढे बघणारे दिसले. त्यांना खेळवत राहा, त्यांचा पहिला पास चुकला म्हणून पुढच्या सामन्यात बाहेर बसवू नका.

पुढच्या वेळी १-० झालं की मध्यरेषेवर दोघांना उभं ठेवा. ७० व्या मिनिटाच्या आसपास एक ताजा विंगर आत पाठवा. कर्णधाराने मागच्या चौघांना हाताने खूण करून वर बोलवावं, कॅमेरा ती खूण नेमकी टिपतो आणि आम्हाला ती दिसते. एवढं करूनही बरोबरी झाली, अगदी हरलो, तरी पुढचा सामना लागेल तेव्हा आम्ही तो बघायला बसलेले असू, मग तो कितीही वाजता असो आणि कुठल्याही देशात असो.

सगळ्यांना, विशेषतः संघात नव्याने आलेल्या मुलांना, मनापासून शुभेच्छा.

आपली,
घरून सामने बघणारी एक चाहती